खांब की माणूस? आकाशातल्या दिव्यांचा थोडा इतिहास

संयोजकांनी फोनवर विषय सांगितला, 'ड्रोन, आकाश आणि अफवा'. मी म्हटलं, अहो, मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, मला ड्रोनचं पुढचं-मागचं कळत नाही. ते म्हणाले, म्हणूनच बोलावतोय. तेव्हा आज यंत्राबद्दल कमी बोलेन आणि यंत्र पाहिलं असं म्हणणाऱ्यांबद्दल जास्त.

सुरुवात घरापासूनच करतो. माझी एक भाची अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात एडिसन या गावी राहते. एडिसन म्हणजे आपल्या देशी लोकांनी भरलेलं गाव. डिसेंबर २०२४ मध्ये तिचा फोन आला. "मामा, रोज रात्री घरावरून ड्रोन जाताहेत. चांगले मोटारीएवढे. आणि सरकार काही बोलत नाही." मी विचारलं, मोटारीएवढे हे तुला कसं कळलं? जरा थांबली आणि म्हणाली, "सगळे तसंच म्हणतात."

हे 'सगळे तसंच म्हणतात' कुठून सुरू झालं ते बघू. १८ नोव्हेंबर २०२४ च्या सुमारास न्यू जर्सीच्या मॉरिस काउंटीत, पिकॅटिनी आर्सेनल नावाचं लष्कराचं शस्त्रसंशोधन केंद्र आहे, त्याच्या परिसरात रात्री ड्रोन दिसल्याच्या तक्रारी आल्या. त्यातल्या काही खऱ्या होत्या, लष्करानेही ते मान्य केलं. बातमी पसरली, लोक अंगणात येऊन वर बघायला लागले. आणि वर बघितलं की काहीतरी दिसतंच. महिन्याभरात एफबीआयकडे पाच हजारांवर तक्रारी जमा झाल्या. त्यातल्या पुढे तपास करण्याजोग्या निघाल्या साधारण शंभर.

१३ डिसेंबरला मेरीलँड राज्याचे माजी गव्हर्नर लॅरी होगन यांनी आपल्या घरावरच्या आकाशाचा व्हिडिओ प्रसिद्ध केला. डझनावारी मोठे ड्रोन आपण स्वतः पाहिले, असं त्यांनी लिहिलं. आकाश ओळखणाऱ्या लोकांनी तो व्हिडिओ पाहिला आणि कपाळाला हात लावला. त्यात दिसत होतं मृग नक्षत्र. आपल्याकडे ज्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण लहान पोरंही दाखवतात, तेच. त्या महिन्यात संध्याकाळी पश्चिमेला शुक्राची चांदणी लखलखत होती, आणि गुरू ७ डिसेंबरला सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे रात्रभर दिसणारा आणि वर्षातला सर्वांत तेजस्वी. आकाशात इतकी रोषणाई आणि खाली इतके डोळे! असो.

मला होगन यांची थट्टा करायची नाही. माणूस खोटं बोलत नव्हता. आपल्या न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत तिसराच पदार्थ आहे संशय. वात्स्यायनाने दिलेलं त्याचं उदाहरण वर्गात दरवर्षी शिकवायचो. तिन्हीसांजेला दूर काहीतरी उभं आहे. उंच आहे, रुंदी माणसाएवढी आहे. खांब असेल किंवा माणूस असेल. उंची आणि रुंदी हे दोघांचे समान धर्म. हात आहेत का, हलतोय का, हा विशेष. समान धर्म दिसतो, विशेष दिसत नाही, आणि मन मात्र विशेष शोधत राहतं. या अवस्थेला संशय म्हणतात. न्यायवाल्यांनी तिला दोष मानलं नाही, उलट विचाराची सुरुवात तिथून होते असं ते मानतात. गडबड पुढची आहे. विशेष न पाहता निर्णय केला की त्याचं नाव संशय राहत नाही, तो विपर्यय होतो, म्हणजे चुकीचं ज्ञान. आणि गंमत अशी की ज्याला विपर्यय होतो त्याला आपण 'पाहिलं' असंच वाटतं, 'तर्क केला' असं कधी वाटत नाही.

रात्रीच्या आकाशात तर समान धर्म एकच, उजेडाचा ठिपका. ठिपक्याला आकार नसतो. वस्तू केवढी आहे हे माहीत असेल तर ती किती दूर आहे ते कळतं, आणि किती दूर आहे हे माहीत असेल तर केवढी आहे ते कळतं. दोन्ही माहीत नसतील तर 'मोटारीएवढा' आणि 'दोनशे फुटांवर' हे दोन्ही शब्द आपण मनातूनच काढलेले असतात. आणखी एक. उतरायला निघालेलं विमान समोरचे मोठे दिवे लावून आपल्याच दिशेने येत असेल, तर ते कितीतरी मिनिटं एका जागी उभं आहे असं वाटतं. मग ते वळतं, दिवे दुसरीकडे जातात, आणि आपण म्हणतो, "उभा होता हो, एकदम गायब झाला." न्यू जर्सीचं आकाश म्हणजे नेवार्क, केनेडी आणि ला गार्डिया या तीन मोठ्या विमानतळांच्या ये-जा करण्याचं अंगण. तिथे असे दिवे रोजच असतात. पूर्वी कुणी मोजत नव्हतं, एवढंच.

आता थोडं मागे जाऊ, कारण हे अमेरिकेत पहिल्यांदा झालेलं नाही.

नोव्हेंबर १८९६. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरावरून रात्री एक दिवा सरकत गेला. लोकांनी सांगितलं, हवाई जहाज होतं, खाली माणसं बसली होती, त्यांचं बोलणंही ऐकू आलं. पुढच्या काही महिन्यांत ही जहाजं मध्य अमेरिकेतल्या राज्याराज्यांत दिसू लागली. कुणाला सिगारेच्या आकाराची, कुणाला पंखांची, बहुतेकांना पुढे झगझगीत दिवा असलेली. लक्षात घ्या, झेपेलिनचं पहिलं उड्डाण १९०० सालचं आणि राइट बंधूंचं १९०३ चं. लोकांना जसं दिसलं तसं यंत्र तेव्हा कुणापाशीच नव्हतं. पण कुणीतरी हुशार माणूस गुपचूप असं यंत्र तयार करतो आहे, ही गोष्ट वर्तमानपत्रांत आणि कादंबऱ्यांत पक्की झाली होती. हुशार माणूस म्हटल्यावर पहिलं नाव कुणाचं? थॉमस एडिसनचं. शेवटी एप्रिल १८९७ मध्ये एडिसनला जाहीर करावं लागलं की या जहाजांशी माझा काही संबंध नाही.

माझ्या भाचीचं गाव याच एडिसनच्या नावाचं. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा त्याच हद्दीत होती, म्हणून १९५४ साली गावाचं नाव बदललं. एकदा तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मामा, म्हणजे आमच्याकडे ही जुनीच परंपरा आहे म्हणा." (हशा)

पुढे १९०९ मध्ये इंग्लंडमध्ये हाच प्रकार झाला. पीटरबरोच्या एका पोलीस शिपायाने पहाटे गस्तीवर असताना हवाई जहाज पाहिलं आणि पुढे देशभर ती दिसायला लागली. आता मात्र यंत्राचा मालक बदलला होता. तेरा वर्षांपूर्वी अमेरिकेत तो अज्ञात संशोधक होता, इंग्लंडमध्ये तो जर्मन हेर झाला, कारण आता झेपेलिन खरी होती आणि युद्धाची कुजबुज सुरू झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये स्वीडनच्या आकाशात 'भूतरॉकेटं' दिसली, ती रशियाची ठरली. १९४७ च्या जूनमध्ये केनेथ आर्नल्ड नावाच्या वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यात नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असं त्याने सांगितलं. बशी ही उपमा चालीची होती. वर्तमानपत्रांनी 'उडत्या तबकड्या' असं छापलं आणि त्यानंतर लोकांना तबकडीच्या आकाराच्याच वस्तू दिसू लागल्या! मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं. डोळ्यांनी पाहायच्या आधी मथळ्याने पाहिलेलं असतं.

तर २०२४ मध्ये मथळ्यात शब्द होता ड्रोन. मालक कोण, याची उत्तरंही ओळखीचीच. ११ डिसेंबरला न्यू जर्सीचेच एक खासदार, जेफ व्हॅन ड्रू, दूरचित्रवाणीवर म्हणाले की अमेरिकेच्या किनाऱ्याबाहेर इराणचं एक मोठं जहाज उभं आहे आणि हे ड्रोन तिथून सुटतात. पेंटॅगॉनने त्याच दिवशी ते नाकारलं. दोन दिवसांनी निवडून आलेले पण अजून सूत्रं न घेतलेले अध्यक्ष ट्रम्प यांनी लिहिलं, सांगा तरी, नाहीतर पाडा.

'पाडा' या शब्दाशी आपण नियमांकडे येतो, आणि माझ्या मते खरा गोंधळ इथेच आहे. रात्री ड्रोन उडवणं हाच गुन्हा आहे, असं लोकांना वाटत होतं. अमेरिकेत २०२१ पासून ठरावीक अटींवर ते चालतं, फक्त तीन मैलांवरून दिसेल असा लुकलुकता दिवा हवा. म्हणजे बघा, ज्या दिव्यामुळे लोक घाबरत होते तो दिवा नियमानेच लावायला सांगितलेला! सरकारी आकड्यानुसार त्या देशात तेव्हा नोंदलेले ड्रोनच दहा लाखांवर होते. साधारण चारशे फुटांपर्यंत, विमानतळापासून दूर, डोळ्यांसमोर ठेवून उडवायला फारशी अडचण नसते. दुसरी समजूत अशी की गावच्या महापौराने किंवा पोलिसाने ठरवलं तर तो ड्रोन पाडू शकतो. तिथल्या कायद्यात ड्रोन हे विमान धरलं जातं, आणि विमानावर गोळी झाडणं हा केंद्राचा गुन्हा. असा अधिकार काही मोजक्या केंद्रीय संस्थांनाच होता. त्यामुळे महापौर सभेत म्हणायचे, "आमच्या हातात काही नाही," आणि लोक ऐकायचे, "यांनाही काही कळत नाही."

मग १९ डिसेंबरला विमान वाहतूक प्रशासनाने न्यू जर्सीतल्या बावीस ठिकाणांवर, वीजकेंद्रं वगैरेंवर, ड्रोनला महिनाभर बंदी घातली. लोकांची भीती शमावी म्हणून बंदी, आणि लोकांनी ती पुरावा म्हणून वाचली: बघा, काहीतरी आहे म्हणूनच बंदी!

सरकारचीही चूक आहे, हे मी स्पष्ट म्हणेन. १६ डिसेंबरला चार केंद्रीय खात्यांनी मिळून सांगितलं की यात व्यावसायिकांचे, हौशी लोकांचे आणि पोलिसांचे ड्रोन आहेत, साधी विमानं-हेलिकॉप्टरं आहेत आणि तारेही आहेत. उत्तर बरोबर होतं, पण चार आठवडे उशिरा आलं. पोलिसांचे ड्रोन कुठे, केव्हा उडाले, हे त्यात नव्हतं. जानेवारीच्या शेवटी नव्या सरकारने सांगितलं की बरेचसे ड्रोन संशोधन आणि इतर कारणांसाठी परवानगीनेच उडत होते. 'इतर कारणं' कोणती? पुन्हा मौन. शिक्षकाला माहीत असतं, वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाला 'गप्प बस' म्हटलं की तो गप्प बसतो, पण शंका जात नाही.

यात कुणाचं काय गेलं, असं वाटेल. एक प्रसंग सांगतो. २६ नोव्हेंबर २०२४. न्यू जर्सीत एका मोटार अपघातात माणूस जबर जखमी झाला. त्याला न्यायला हवाई रुग्णवाहिका, म्हणजे हेलिकॉप्टर बोलावलं. जिथे ते उतरायचं तिथे वर ड्रोन घिरट्या घालताहेत असं खालच्या लोकांनी कळवलं आणि हेलिकॉप्टर उतरलंच नाही. पुढे सरकारी विश्लेषणाची कागदपत्रं बाहेर आली. ते दिवे होते केनेडी विमानतळाकडे निघालेल्या तीन प्रवासी विमानांचे, एकामागे एक, पाहणाऱ्याच्या जवळजवळ थेट दिशेने येणारे. म्हणून एका जागी उभे असल्यासारखे. खांबाला माणूस समजलं, की असंही होतं. शिवाय त्या दिवसांत लोक खालून लेझरचा झोत 'ड्रोन'वर मारायचे आणि तो जायचा खऱ्या विमानाच्या वैमानिकाच्या डोळ्यांत. एफबीआयला वेगळं आवाहन करावं लागलं.

२०१८ चा गॅटविकचा प्रसंग काहींना आठवत असेल. लंडनजवळचा तो विमानतळ १९ डिसेंबरच्या रात्रीपासून सुमारे दीड दिवस बंद होता, पुढेही थांबत-थांबत चालू झाला. ऐन नाताळात हजारभर उड्डाणं बुडाली, लाखाच्या वर प्रवासी अडकले. साक्षी शंभरावर, त्यांतल्या बऱ्याच विमानतळाच्या जाणत्या कर्मचाऱ्यांच्या. छायाचित्र मात्र खात्रीचं एकही नाही. पोलिसांचा स्वतःचा ड्रोन शोधासाठी वर होता, काहींनी तोच पाहिला असावा, हे पोलीसप्रमुखांनीच कबूल केलं. ड्रोन नव्हताच, असं मी म्हणत नाही. तपास संपला, काही सिद्ध झालं नाही. पण जवळच्या गावातलं एक निरपराध जोडपं दीड दिवस कोठडीत बसलं आणि त्यांची नावं-फोटो पेपरात छापून आले. पुढे पोलिसांनी भरपाई आणि खटल्याचा खर्च मिळून सुमारे दोन लाख पौंड दिले. माणूस हौशी ड्रोनवाला, विमानतळाजवळ राहणारा. समान धर्म जुळले, विशेष कुणी पाहिला नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर ड्रोनवाल्यांचे वकील झाले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला भीषण वणवे लागले. आग विझवणारी विमानं उडत होती म्हणून त्या भागात ड्रोनला सक्त मनाई होती. एका गृहस्थाने पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवरून ड्रोन सोडला. काय झालंय ते नुसतं बघायचं होतं. दोन-अडीच किलोमीटर गेल्यावर तो त्याला दिसेनासा झाला आणि कॅनडाहून मदतीला आलेल्या, पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखावर आदळला. पंखाला भोक पडलं. ऐन आगीत ते विमान जमिनीवर बसवावं लागलं. हा ड्रोन शंभर टक्के खरा. न्यू जर्सीत लोक घाबरून वर बघत होते तेव्हा ड्रोन बहुधा नव्हता, आणि इथे ड्रोन होता तेव्हा उडवणाऱ्याला घाबरावं असं वाटलंच नाही.

या सगळ्याच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे: माझ्या घरावरचं आकाश कुणाचं? युरोपच्या जुन्या कायद्यात म्हण होती की ज्याची जमीन त्याचं आकाश, थेट वरपर्यंत. विमानं आल्यावर ती मोडली. नॉर्थ कॅरोलिनात कॉस्बी नावाचं कुटुंब कोंबड्या पाळायचं. युद्धाच्या काळात शेजारच्या धावपट्टीवरून लष्करी विमानं त्यांच्या जमिनीवरून ८३ फुटांवरून जायला लागली. कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरायच्या. दीडशे मेल्या, धंदा बसला. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, वरपर्यंत मालकी ही कल्पना आजच्या जगात चालणार नाही, नाहीतर प्रत्येक विमान हे अतिक्रमण ठरेल. पण जमिनीचा उपयोग करायला जेवढं आकाश लागतं तेवढ्यावर मालकाचा हक्क आहे. कॉस्बींना भरपाई मिळावी असं ठरलं. नेमके किती फूट ते न्यायालयाने सांगितलं नाही, आणि ड्रोन उडतो तो नेमका त्या न सांगितलेल्या पट्ट्यात.

आपल्याकडे २०२१ चे ड्रोन नियम आहेत. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावर देशाचा नकाशा आहे, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात विमान नियंत्रणाची लागते, लाल भागात केंद्राची. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला चालवण्याचा परवाना लागत नाही. वर मुंबईसारख्या शहरात पोलिसांचे मनाईहुकूम वेळोवेळी निघतात, ते वेगळे. हे इथे बसलेल्या किती जणांना माहीत होतं? हात वर करा. (थोडे हात वर होतात.) बरं.

२०२४ च्या पावसाळ्यात बीड, छत्रपती संभाजीनगर, पुणे जिल्ह्याच्या गावांत रात्री ड्रोन फिरत असल्याची चर्चा सुरू झाली. चोर ड्रोनने घरं हेरतात म्हणे. गावोगाव तरुण पोरं काठ्या घेऊन जागायला लागली. पुढच्या वर्षी पश्चिम उत्तर प्रदेशात तेच. तिथे मुझफ्फरनगर जिल्ह्यात पोलिसांनी दोघांना पकडलं, ते कबुतरांना लाल-हिरवे दिवे बांधून रात्री सोडत होते! इथे हसू येतं, मलाही आलं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच राज्यातल्या रायबरेली जिल्ह्यात, याच अफवांच्या दिवसांत, रात्री रस्त्याने चाललेल्या एका दलित माणसाला चोर समजून जमावाने मारून टाकलं. आपल्याला हे नवं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुलं पळवणारे समजून ठेचून मारले. तिथे ड्रोन नव्हता, मोबाइलवरचा निरोप होता. आकाशातल्या दिव्यापर्यंत कुणाचा हात पोचत नाही. रस्त्यावरच्या परक्यापर्यंत पोचतो.

मघाशी एका मुलाने चिठ्ठी पाठवली आहे: "सर, मग रात्री असा दिवा दिसला तर आम्ही नक्की काय करायचं?" चांगला प्रश्न. घड्याळ बघ, वेळ लिही. विजेच्या खांबाच्या टोकाला तो दिवा लाव आणि दहा-पंधरा मिनिटं एका जागी उभा राहून बघ. खांबाच्या तुलनेत हळूहळू, बाकीच्या ताऱ्यांबरोबरच सरकला तर तारा किंवा ग्रह. एका बाजूला लाल, दुसरीकडे हिरवा आणि मध्ये लुकलुक दिसली तर बहुतेक विमान. मोबाइलवर विमानं दाखवणारी अॅप्स आहेत, त्यांत वेळ आणि दिशा ताडून बघ. डोक्यावर घरघर ऐकू आली, खाली आला, तर ११२ ला कळव, आणि 'ड्रोन आहे' असं न म्हणता जे दिसलं तेच सांग. आणि त्या वेळी रस्त्याने कुणी अनोळखी माणूस जात असेल तर त्याला जाऊ दे.

डिसेंबरात रात्री बाहेर पडाल तेव्हा पूर्वेला बघा. तीन तारे एका ओळीत, तो मृगाचा बाण. त्याच्या रेषेत खाली व्याध, लुकलुकत असेल. २०२५ च्या डिसेंबरात डावीकडे जो न लुकलुकता ठळक दिसत होता, तो गुरू.